सोलमधल्या सोळा सुया

माझं आणि माझ्या कंबरेचं गेली दोन वर्षं जमत नाही. म्हणजे आम्ही एकत्र राहतो, एकत्र उठतो-बसतो, पण संबंध ताणलेले! सुरुवात कशी झाली म्हणाल, तर त्यात काही थ्रिल नाही. बाइकवरून पडले नाही, ट्रेकला घसरले नाही. एका रात्री बेडवर लोडाला टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन तीन हजार शब्दांची स्टोरी संपवली. सकाळी दात घासायला वाकले, ती सरळच होईना. आईने फोनवरूनच निदान केलं, ‘उसण भरली असेल, शेक घे.’ शेक घेतला. आठ दिवसांत बरं वाटलं. मग पुन्हा. मग पुन्हा...

(एव्हाना तुमच्यातले निम्मे खुर्चीत जरा सरळ बसले असतील. बसा, बसा.)

कंबर दुखते असं म्हटलं की आपल्याकडे प्रत्येक जण डॉक्टर होतो. गादी बदल, गादीच काढून टाक, जमिनीवर झोप, उलटी चाल. एका मावशींनी तर ‘लग्न कर, सगळं सुटेल’ असंही सांगून टाकलं. एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधली गादी थोडी बाहेर आलेली दिसली. एक डॉक्टर म्हणाले, हे तुझ्या वयात अनेकांना असतं, काही होत नाही. दुसरे म्हणाले, आज ना उद्या ऑपरेशन करावंच लागेल. दोघांनी मिळून मला बारा मिनिटं दिली असतील. ऑफिसात नोकरी असती तर निदान सिक लीव्ह तरी टाकली असती. फ्रीलान्सरला कसली आलीय लीव्ह? बसलं नाही तर लिहिता येत नाही आणि लिहिलं नाही तर चेक येत नाही. मग पर्समध्ये गोळ्यांची एक स्ट्रिप राहायला आली. तिच्याबद्दल पुढे सांगते.

अशात गेल्या ऑक्टोबरमध्ये सोलला जायचा योग आला. माझी पुण्यातली जुनी रूममेट तिथे पोस्टडॉक करते. ‘तीन आठवडे ये, काम इथूनच कर,’ म्हणाली. मी तिला विमानात आठ-नऊ तास बसायची भीती सांगितली, तर म्हणते कशी, ‘त्यासाठीच ये. आमच्या लॅबमध्ये कुणाची पाठ धरली की लंच टाइममध्ये जाऊन सुया टोचून येतात. आपण आयब्रो करून येतो ना, तसं!’

मला वाटलं, थापा मारतेय. पण खरंच तसं आहे. तिथे गल्लोगल्ली ‘हानिवॉन’ दिसतात, म्हणजे पारंपरिक कोरियन वैद्यकाचे दवाखाने. खाली फ्राइड चिकनचं दुकान, वर हानिवॉन. ऑफिसवाल्यांसाठी बरेचसे दवाखाने आठवड्यातून एक-दोन दिवस रात्री उशिरापर्यंत उघडे असतात. तिथल्या वैद्यांना ‘हानिसा’ म्हणतात. डोंगरातून उतरलेला, पांढऱ्या दाढीचा बाबा डोळ्यांसमोर आणला असेल तर पुसून टाका. सहा वर्षांचं शिक्षण, त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा, मग सरकारी परवाना. देशभरात हे शिकवणाऱ्या एकूण बारा संस्था आहेत. दक्षिण कोरियाने १९५१ च्या कायद्यातच आधुनिक डॉक्टर आणि हानिसा असे दोन वेगळे परवाने मान्य केले. १९८७ पासून सुया, शेक, तुंबड्या हे सगळं राष्ट्रीय आरोग्य विम्यात बसतं. आपल्या बीएएमएसची आठवण येईल, पण विम्याच्या बाबतीत ते लोक फार आधी शहाणे झाले.

या दोन घरांत गोडीगुलाबी आहे असं मात्र समजू नका. हानिसांनी अल्ट्रासाउंड मशीन वापरावं की नाही, यावरून इतकी वर्षं भांडण चाललं की प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२२ च्या डिसेंबरात कोर्टाने वापरणं बेकायदा नाही असं सांगितलं, तर आधुनिक डॉक्टरांच्या संघटना खवळल्या. म्हणजे ‘कुणाचं शास्त्र खरं’ हा वाद फक्त आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच होतो असं नाही.

तर, आम्ही गेलो. ख्यॉन्गही युनिव्हर्सिटीजवळच्या एका गल्लीत, तिसरा मजला. दारात चपला काढायच्या, स्लिपर घालायच्या. आत ज्येष्ठमध, दालचिनी, आलं आणि काहीतरी जळकट असा मिश्र वास. आजीच्या फडताळाचा वास! हानिसा बाई पन्नाशीच्या, पांढरा कोट, केस करकचून बांधलेले. त्यांना इंग्लिश जेमतेम, मैत्रिणीचं कोरियन जेमतेम आणि मध्ये माझी कंबर.

पुण्यात मला नेहमी एकच प्रश्न विचारला गेला होता. एक ते दहामध्ये किती दुखतं? मी पाठ केल्यासारखं ‘सहा’ सांगायचे. इथे बाईंनी आकडा विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, ‘कसं’ दुखतं? आणि शब्दांचा पेटाराच उघडला. ‘उकशिन-उकशिन’ की ‘ज्जिरित-ज्जिरित’? मैत्रीण अडकली. तिने इंग्लिशमध्ये सांगून पाहिलं, जमेना. मग म्हणाली, ‘अगं, पहिलं म्हणजे ठणका. दुसरं म्हणजे करंट लागल्यासारखं, चमक.’ आणखी एक शब्द होता, त्याचा अर्थ अवघडणं, आखडणं. आणि मला एकदम लक्षात आलं की आपल्याकडे यातल्या प्रत्येकाला शब्द आहे. ठणका, कळ, चमक, उसण, लचक, रग. दोन वर्षांत एकदाही मी डॉक्टरसमोर त्यातला एकही वापरला नव्हता. आम्ही सगळे मिळून माझं दुखणं इंग्लिशमध्ये दुखवत होतो!

मी म्हटलं, सकाळी अवघडतं, दुपारी ठणकतं आणि कधीकधी उजव्या पायात चमक जाते. बाई एकदम थांबल्या. चमक कुठपर्यंत? गुडघ्यापर्यंत की खाली? मग झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला, पायाचा अंगठा त्यांच्या हाताविरुद्ध दाबायला लावला, टाचांवर आणि चवड्यांवर चालवलं. लघवीवर ताबा आहे ना? मांड्यांच्या मध्ये, बसायच्या जागी बधिरपणा येतो का? रात्री झोपेतून दुखण्याने जाग येते? ताप, वजन उतरणं? सगळ्याला ‘नाही’ म्हटल्यावरच त्या हसल्या. यातलं एक जरी ‘हो’ असतं तर सुया न टोचता सरळ मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं असतं, म्हणाल्या. पायातली ताकद कमी होणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं म्हणजे वेळ घालवायचा नाही, हे तुम्हीही कुठेतरी लिहून ठेवा.

आणि मग तो प्रश्न. ‘गोळ्या किती घेतेस?’

मी म्हटलं, लागेल तशी. मैत्रिणीने भाषांतर केलं. बाईंनी पुन्हा विचारलं. म्हणजे किती? मी पर्समधून स्ट्रिप काढली. दहातल्या तीन उरल्या होत्या आणि ती मी सोलला उतरल्यावर उघडली होती. उतरून पाच दिवस झाले होते. कुणाच्या चिठ्ठीशिवाय, आठ महिने, रोज एक, डेडलाइनच्या दिवसांत दोन. सकाळची जळजळ, मळमळ मी ‘ॲसिडिटी’च्या नावावर खपवत होते. मैत्रीण माझ्याकडे बघतच राहिली. भाषांतर करायचंही विसरली. मी हे आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिला या कॉलममधून कळेल. सॉरी, आई.

बाई रागावल्या नाहीत. फक्त सांगितलं की रोज अशा गोळ्या घेतल्या तर पोटाला जखम होते, किडनीवर ताण येतो. घरी गेल्यावर तुझ्या डॉक्टरला हा आकडा सांग, खरा आकडा.

मग सुया. केसाएवढ्या बारीक, एकदाच वापरून फेकायच्या. मला वाटलं, कंबरेत खुपसणार. तर निम्म्या हातापायांत! मनगटाजवळ, पोटरीवर, पायाच्या बोटांमध्ये. कोरियात ‘साम’ नावाची एक पद्धत आहे. सतराव्या शतकातल्या एका बौद्ध भिक्षूच्या नावावर ती सांगितली जाते आणि तिच्यात दुखतं तिथे न टोचता कोपराच्या आणि गुडघ्याच्या खालचे बिंदू धरतात. बाकीच्या कंबरेत. मी मोजल्या, सोळा. टोचताना मुंगी चावल्यासारखं आणि मग आत कुठेतरी जड, दुखरी अशी एक रग. ती यावीच लागते म्हणे. वरून लाल दिवा, खालून गरम बेड, भोवती पडदा. पंधरा मिनिटं. मोबाइल धरायला हात मोकळा नाही. गेल्या दोन वर्षांत मी जागेपणी पंधरा मिनिटं फोनशिवाय पडून राहिल्याचं मला आठवत नाही. उपचारातलं नेमकं काय लागू पडलं या चौकशीत हाही एक संशयित धरा.

नंतर कप. काचेचे नाही, प्लॅस्टिकचे, पंपाने हवा ओढणारे. त्याला ‘बुहांग’ म्हणतात आणि आपल्याकडे चक्क तुंबडी. आजी सांगायची की गावात वैदू यायचे आणि शिंगाची तुंबडी लावायचे. मी त्याला अडाणीपणा म्हणायचे. आता परदेशात पैसे देऊन लावून घेतली. तो जळकट वास होता ‘त्तुम’चा. आपल्या दवण्याच्या कुळातली एक वनस्पती वाळवून, तिची छोटीशी गोळी पेटवून त्वचेजवळ धरतात. पडद्यापलीकडच्या आजोबांना ते चालू होतं आणि ते मोठ्याने म्हणत होते, ‘शिवॉनहाडा!’ याचा शब्दशः अर्थ गार, थंडगार वाटणं. चटके घेताना गार? मैत्रीण म्हणाली, इथले लोक कढत सूप पितानाही हेच म्हणतात. आत काहीतरी मोकळं झालं की शिवॉनहाडा. कंबरेला तिथे ‘हॉरी’ म्हणतात. मी त्या दिवशी हॉरी हॉरी करत जिना उतरले, आणि कठड्याला न धरता उतरले.

बिल? मैत्रिणीला अशाच भेटीचे नऊ हजार वॉन पडतात, साधारण साडेपाचशे रुपये. विमा नसल्याने मला तिपटीहून जास्त. तरी आठवड्यातून दोनदा गेले, तीन आठवडे. चौथ्या भेटीपर्यंत मी सकाळी मोजे बसून न घालता उभ्याने घालायला लागले होते. गोळी एक दिवसाआड आली होती. मी हवेत! मैत्रिणीला म्हटलं, मिळाला उपाय, संपला प्रॉब्लेम.

पण मी जर्नालिझम शिकले आहे ना. रात्री झोप येईना, तेव्हा वाचत बसले. आणि पोटात गोळा आला.

कोरियातला एक अभ्यास मस्त आहे. २०१३ मध्ये छापून आला. अचानक कंबर धरलेले, चालताही न येणारे ५८ जण. निम्म्यांना वेदनाशामक इंजेक्शन आणि निम्म्यांना सुया टोचून, तशाच अवस्थेत आधार देऊन चालवलं. अर्ध्या तासानंतर सुयांवाले बरेच पुढे होते. पण ती ताजी दुखणी होती, माझ्यासारखी मुरलेली नव्हेत. शिवाय आपल्याला काय मिळतंय हे पेशंटना दिसत होतं. मुरलेल्या दुखण्याची मोठी परीक्षा जर्मनीत झाली, २००७ मध्ये. ११६२ पेशंट, तीन गट. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटातल्या ४७.६ टक्क्यांना बरं वाटत होतं. नेहमीच्या औषधं-व्यायामाच्या गटात २७.४ टक्के. वा! आणि तिसरा गट, ज्यांना खोट्या सुया, म्हणजे चुकीच्या जागी, वरवर टोचल्या होत्या? ४४.२ टक्के.

परत वाचा. मी चारदा वाचलं. सतराव्या शतकातला भिक्षू, कोपराखालचे बिंदू, ते सगळं एकीकडे. आणि कुठेही टोचलं तरी जवळजवळ तेवढंच! म्हणूनच देशोदेशीचे तज्ज्ञ यावर एकमत नाहीत. इंग्लंडच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, कंबरदुखीला सुया देऊ नका. अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या संघटनेने २०१७ मध्ये म्हटलं, गोळ्यांच्या आधी व्यायाम आणि सुया वगैरे करून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये सुयांना सावध होकार दिला. (त्याच यादीत कंबरेचा पट्टा नेहमी वापरू नका असंही आहे. माझा बाराशे रुपयांचा पट्टा कपाटात आहे, कुणाला हवाय?)

त्या रात्री मला फसवल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी तावातावाने बाईंना विचारलं, खोट्या सुयांनीही बरं वाटतं मग तुम्ही काय करता? मैत्रीण लाजून अर्धी झाली. बाईंना हा प्रश्न नवा नसावा. त्या म्हणाल्या, तू आठवड्यातून दोनदा येतेस, पडून राहतेस, मी तुझ्या पाठीला हात लावते, तू घाबरत नाहीस, मग तू चालतेस. यातलं सुईचं किती आणि बाकीचं किती, हे मला वेगळं काढता येत नाही. पण तू चालतेस ना?

मला हे उत्तर पूर्ण पटलेलं नाही. अजूनही नाही. पण तिने दावा केला नाही, हे मला आवडलं.

कारण दावे करणारेही त्याच गल्लीत होते. मैत्रिणीच्या घरमालकीणबाईंनी सांगितलं, सुयांनी काय होतंय, ‘बोंगछिम’ घे! म्हणजे मधमाशीचं विष सौम्य करून कंबरेत टोचणं. त्यांच्या बहिणीचा डिस्क त्यानेच बरा झाला म्हणे. खोटं नाही सांगत, मला मोह झाला. एका आठवड्यात फ्लाइट होती आणि दुखणं अर्धंच गेलं होतं. अशा वेळी माणूस विंचवाचं विषही टोचून घेईल. पण सोलशेजारच्या बुचॉनमध्ये २०१८ च्या मे महिन्यात काय झालं ते मी त्या रात्रीच वाचलं होतं. एक शिक्षिका, वय तिशीतलं, साध्या कंबरदुखीसाठी हेच इंजेक्शन घेतलं. तीव्र ॲलर्जी आली, ती कोसळली आणि पुढे हॉस्पिटलात गेली. कंबरदुखीने कुणी मरत नाही. म्हणूनच ते वाचून हात गार पडले. बाईंना विचारलं, तर त्यांनी उलट विचारलं, तुला कधी मधमाशी चावलीय? ॲलर्जी आहे की नाही माहीत आहे? नाही ना? मग आधी चाचणी, मग थेंबभर, मग वाट बघायची. पुढच्या आठवड्यात विमान असलेल्या मुलीने हे सुरू करू नये.

काढ्यालाही त्यांनीच नाही म्हटलं. पाउचमधला तो काळा काढा महिन्याचा तीन-साडेतीन लाख वॉन, म्हणजे वीस हजार रुपयांच्या आसपास. विमा असणाऱ्यांना एप्रिल २०२४ पासून गादी सरकण्याच्या दुखण्यासाठी प्रायोगिक सवलत सुरू झाली, पण मला तीही नाही. मी क्रेडिट कार्ड काढून तयार होते! बाई म्हणाल्या, रोजच्या गोळ्यांनी पोट-किडनीचं काय झालंय ते आधी तपास. त्यावर माझा काढा ओतणार नाही.

उरलेल्या वेळात जेगीदोंगचा वनौषधी बाजार पाहिला. तिथून मेट्रोने दोनच स्टेशनं. पोत्यांच्या राशी, वाळलेली मुळं, जिनसेंग, साली, हरणाची शिंगं. तिथल्या म्युझियममध्ये हॉ जुन या राजवैद्याच्या ग्रंथाबद्दल कळलं. १६१० मध्ये पुरा झाला, १६१३ मध्ये छापला, पंचवीस खंड, २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत. मजा म्हणजे शास्त्राची भाषा चिनी असताना त्यात वनस्पतींची गावठी नावं लोकांच्या कोरियन लिपीत दिली होती, गरिबाला आपल्या बांधावरचं औषध ओळखता यावं म्हणून. तिथेच मैत्रिणीने मला ‘नायलॉन पेशंट’ हा शब्द शिकवला. गाडीला जरा धक्का लागला की विम्याच्या पैशांवर हॉस्पिटलात पाठ धरून लोळणारे ते नायलॉन, अस्सल नाहीत असे. हानिवॉनमधल्या बिलांवरून विमा कंपन्या त्यांच्या नावाने खडे फोडतात.

शेवटच्या भेटीत बाईंनी अपॉइंटमेंट कार्डाच्या मागे तीन चित्रं काढून दिली. काड्यांची माणसं. एक गुडघे छातीशी घेतंय, एक कंबर उचलतंय, एक नुसतं चालतंय. त्या चालणाऱ्याखाली त्यांनी ‘३०’ लिहिलं आणि ‘रोज’ हा शब्द मैत्रिणीकडून मराठीत लिहून घेतला.

पुण्यात आल्यावर तिसऱ्या आठवड्यात कंबर पुन्हा धरली. सांगायला लाज वाटली, म्हणून महिनाभर मैत्रिणीला सांगितलंच नाही. पण डॉक्टरकडे गेले आणि गोळ्यांचा खरा आकडा सांगितला. पोटात सूज निघाली, महिनाभर औषध चाललं. गोळी आता महिन्यात दोन-तीन. फिजिओथेरपिस्टने कार्डावरची चित्रं पाहिली आणि म्हणाली, मी पण हेच शिकवणार होते. चमक पायात उतरत नाही. सकाळचं अवघडणं आहे, बहुतेक राहील.

घरमालकीणबाई मैत्रिणीमार्फत व्हॉइस मेसेज पाठवतात, हॉरी कशी आहे म्हणून. मी ‘शिवॉनहाडा’ म्हणते. कार्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलंय. हा कॉलम लिहिताना तिसऱ्या काडीमाणसाकडे बघून तीनदा उठले. चौथ्यांदा उठायला हवं होतं, पण संपादकांचा फोन आला.